पारोळ्यापर्यंतची थंडी

मी जन्मात एकच मशीन बनवलं. ते दीड महिना चाललं आणि जाताना एक माणूस घेऊन गेलं. अजून कोणी जुनं माणूस भेटलं की म्हणतं, "आबा, त्या काळात गाडीत एसी बसवणारे तुम्हीच ना?" मी म्हणतो, हो, मीच तो. पुढचं कोणी विचारत नाही आणि मी पण सांगत नाही. इतकी वर्षं चहा पिऊन निघून गेलो. आज सांगून टाकतो.

शाळा मी बाहेरून पाहिली. शाळेच्या भिंतीला सायकली टेकवून पंक्चर काढायचो, तेवढंच माझं शिक्षण. पुढे जळगावात एका डाळीच्या व्यापाऱ्याकडे ड्रायव्हर झालो. शेठ मूळचे राजस्थानकडचे, तीन पिढ्या खानदेशात, जैन माणसं. त्यांच्याकडे लढाईच्या वेळची, मिलिटरीनं काढून टाकलेली एक पिकप होती. मिलिटरीनं काढून टाकलेली गाडी आणि मास्तरनं शाळेच्या भिंतीपासून काढून टाकलेला मी, जोडी बरी जमली. तिचा डावा दरवाजा लावायला दोन माणसं लागायची, एक आतून ओढायला आणि एक बाहेरून लाथ मारायला. इंजिनची सगळी आग पायाखालच्या पत्र्यातून वर यायची. मे महिन्यात जळगाव-धुळे केलं की माझ्या पायांची वांगी भाजून निघायची. नुसतं मीठ लावायचं बाकी राहायचं.

बहात्तर सालचा उन्हाळा तो. सुरतेला जाणारा एक ट्रकवाला सांगत होता की तिकडच्या टॉकीजमध्ये एसी आहे, आत बसलं की अंगावर काटा येतो. मी म्हटलं, टॉकीजमध्ये होतं तर गाडीत का नाही? एसी म्हणजे काय ते मला माहीत नव्हतं. माहीत नव्हतं म्हणूनच हात घातला.

जळगावातच, मेहरूणला, माझी एक खोली होती. तिथे अंगणात बसून मी पत्र्याचा एक भोंगा केला. तो डाव्या खिडकीत बसवला, तोंड पुढे, म्हणजे गाडी पळाली की वारा आत शिरेल. भोंग्याच्या तोंडाशी वाळ्याची ताटी बांधली. टपावर रॉकेलचा रिकामा डबा, त्यातून रबरी नळी, आणि ताटीच्या डोक्यावर एक पत्र्याची आडवी नळी, तिला भोकं. डब्यातलं पाणी थेंब थेंब वाळ्यावर पडणार, वारा त्यातून गार होऊन आत येणार. बंगल्यावाल्यांचे कूलर असेच असतात, फक्त ते पळत नाहीत.

पहिली भोकं मी पोतं शिवायच्या दाभणानं पाडली. शेठना मोठ्या थाटात बसवलं आणि गाडी बाजारपेठेतून काढली. चौकात येईपर्यंत शेठचं धोतर मांडीपर्यंत ओलं.

शेठ म्हणाले, "अरे भाऊ, बाहेर ऊन आणि आत नळ! लोक म्हणतील या वयात शेठला काय झालं!"

"गार वाटतंय का पण शेठ?"

"गार? लाज वाटतेय!"

शेठ दुकानात मागच्या दारानं गेले. मी घरी येऊन दुसरी नळी घेतली. या खेपेला बायकोची गोधडी शिवायची सुई घेतली. तीन सुया मोडल्या, पण भोकं अशी बारीक झाली की डोळ्याला लावून बघावी लागायची.

बायको माझी शिंदखेड्याकडची. ती भाकरी करता करता बघत होती. म्हणाली, "इतली बारीक भोकं? कचरा अडकी जाई त्यामा."

मी म्हटलं, "तुझं लक्ष तव्याकडे ठेव. हे इंजिनेरिंग आहे."

"मन्या सुया मोड्यात, त्यानं काय?"

मी नळी घेऊन टपावर चढलो. आणि दुसरी नळी चालली की हो! काय चालली! थेंब असे पडायचे जसे मोजून सोडलेत. बाहेर रस्त्यावर कुत्री सावलीत जीभ काढून पडलेली, आणि आत वाळ्याचा वास, गार झुळूक. शेठ डुलकी काढायला लागले. दुकानदार गाडी थांबवून आत डोकं घालून बघायचे. मी त्यांना सांगायचो, "दार लावा, थंडी बाहेर जाते." हे वाक्य मी दिवसातून पन्नास वेळा म्हणायचो. दीड महिना भोकं एकदाही तुंबली नाहीत. मी बायकोला म्हणायचो, "बघ, कचरा!" ती भाकरी थापत राहायची.

भोकं का तुंबत नव्हती ते मला कळलं नव्हतं. तो डबा मी रोज शेठच्या घरून भरायचो. आणि त्या घरात पाणी गाळल्याशिवाय भांड्यात पडत नाही. दुहेरी जाड कपडा, त्यातून पाणी. पाण्यात बारीक जीव असतात, ते आपल्या हातून मरायला नकोत म्हणून. त्यांच्याकडे एवढ्यावरही भागत नाही. कपड्यावर जे राहतं त्याला ते जिवाणी म्हणतात. तो कपडा उलटा धरून, गाळलेलं पाणी ओतून, जिवाणी एका लोटीत घ्यायची आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत परत सोडायची. ती पण वरून फेकायची नाही. दोरीनं लोटी पाण्यापर्यंत नेऊन अल्लद तिरकी करायची. मला हे बघून हसू यायचं. मी गड्यांना म्हणायचो, "यांच्याकडे मच्छर पण माहेरी जाऊन येतो."

शेठच्या आई, सगळे त्यांना मांजी म्हणायचे, त्या पिंपळनेरला धाकल्या शेठकडे, म्हणजे धाकट्या मुलाकडे, राहायला गेल्या होत्या. धाकल्या शेठचं तिकडे डिंक, मोह, चारोळी घ्यायचं दुकान होतं, डोंगरातले लोक आणून द्यायचे. मे संपत आला असेल, तेव्हा निरोप आला की मांजींना पंधरा दिवस ताप आहे, अन्न जात नाही. तिथले डॉक्टर म्हणाले, जळगावला मोठ्या डॉक्टरला दाखवा, पण नेताना ऊन लागू देऊ नका. एवढ्या कमजोर शरीराला ऊन लागलं तर मग माझ्या हातात काही नाही.

शेठनी मला बोलावलं. "तुझ्या त्या भोंग्यावर माझा भरोसा आहे," म्हणाले. "मांजीला त्यात घालून आण."

मला आतून इतका आनंद झाला, लाज वाटते सांगायला. बाई आजारी आहे याचं दुःख कुठल्या कुठे. माझ्या मशीनला बोलावणं आलं होतं ना.

पिंपळनेरला आदल्या दिवशी पोचलो. पहाटे निघालो असतो तर अर्धं ऊन चुकलं असतं. पण मांजी सूर्य उगवून दोन घटका गेल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नाहीत, आणि घोट नाही तर औषध नाही. रात्री तर पाणी नाहीच. म्हणून दिवसाचीच वाट धरायची ठरली. मांजी एवढ्याशा झाल्या होत्या. दोघांनी धरून सीटवर आणल्या, उशी दिली, आडव्या केल्या. धाकले शेठ मागे ताडपत्रीखाली डिंकाच्या पोत्यांवर बसले, पुढे जागाच नव्हती.

गाडी सुरू करायच्या आधी मांजींनी टपावरच्या डब्याकडे बोट केलं. "त्यातलं पाणी?"

धाकले शेठ म्हणाले, "गाळलेलं आहे मां. मी स्वतः गाळलं."

"आणि वाटेत?"

त्यांनी उशीखालून घडी केलेला पांढरा कपडा काढला, एक लहान पितळी लोटी काढली आणि माझ्या हातात दिली. "बाबा, माझ्या थंडीसाठी जीव नको मरायला. गाळून घालशील ना? आणि जिवाणी तिथल्या तिथे सोड."

मी म्हटलं, "मांजी, शपथ." मी आयुष्यात शपथ घ्यायला कधी मागेपुढे पाहिलं नाही, फुकट असते म्हणून.

धुळ्यापर्यंत फर्स्ट क्लास आलो. मांजींनी डोळे मिटले होते आणि चेहरा शांत होता. एकदा म्हणाल्या, "देवळात बसल्यासारखा वास येतो." मी स्टेअरिंगवर असा बसलो होतो जसा काही विमान चालवतोय. धुळ्याला त्यांच्या ओळखीच्या घरी थांबलो. तिथे डबा गाळलेल्या पाण्यानं भरून मिळाला. धाकले शेठ जेवले, त्यांचं डोकं दुखत होतं, ते मागे जाऊन झोपले. बारा वाजून गेले होते.

पारोळं मागे पडलं आणि डबा संपला. गरम वाऱ्याची लू अशी सुटली होती की वाळा दहा मिनिटांत निम्मा कोरडा व्हायचा, म्हणून मी नळी पूर्ण सोडली होती. अंदाज चुकला. रस्त्यापासून थोडं आत एक विहीर दिसली, शेतातली, मोट बंद पडलेली. गाडी बाभळीच्या सावलीत लावली, बादली-दोर घेतला, कपडा-लोटी घेतली आणि गेलो.

पाणी खोल होतं आणि दोर जेमतेम पोचला. विहिरीच्या काठाचा दगड असा तापलेला की चपलेतून चटका. एक बादली वर आली, गढूळ, त्यावर शेवाळाचा तुकडा. आता कपडा बांधायचा, हळूहळू ओतायचं, थेंब थेंब वाट बघायची, चार बादल्या. मग कपडा उलटा, लोटी, दोर, परत खाली, अल्लद तिरकी. माझ्या मानेवर ऊन बसलं होतं. मी आजूबाजूला बघितलं. धाकले शेठ झोपलेले, मांजींचे डोळे मिटलेले. कोण बघतंय?

चार बादल्या तशाच नेऊन डब्यात ओतल्या.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण माझ्यात हुशारी फार. मी तो पांढरा कपडा रिकाम्या बादलीच्या तळाशी उरलेल्या पाण्यात बुडवला, पिळला आणि मांजींच्या समोर डॅशबोर्डवर वाळत घातला. लोटी पण ओली केली.

मांजींनी डोळे उघडले. "गाळलंस का रे बाबा?"

"हो मांजी."

"जिवाणी?"

"सोडली मांजी, अगदी दोरीनं. आरामात गेली घरी."

त्यांनी तिथे पडल्या पडल्या हात जोडले. मला नाही, त्या विहिरीला.

दोन-तीन मैल गेलो असेन. वाळ्यावर एका कडेला थेंब बंद झाला. मग दुसरा. नळीकडे बघत गाडी चालवत होतो. एक एक भोक डोळा मिटावा तसं मिटत गेलं. एरंडोल यायच्या आत ताटी खडखडीत, आणि भोंग्यातून सरळ लू आत. मी बनवलेला तो भोंगा, सगळा वारा गोळा करून नेमका सीटवर सोडायचा. तसाच बनवला होता मी, मोजून. आता तोच गरम वारा मांजींच्या तोंडावर.

गाडी थांबवली. बाभळीचा काटा काढून भोकात घातला. काटा आतच मोडला. दुसऱ्या भोकात दुसरा काटा, तोही मोडला. सुया घरी होत्या.

धाकले शेठ मागून उठून आले. "काय झालं रे?"

"काही नाही शेठ. हवा अडली जराशी."

"मां तापलीये. इथे निंबाखाली थांबू या का? ऊन उतरू दे, संध्याकाळी जाऊ."

थांबलो असतो तर धाकल्या शेठनी वेळ जाईना म्हणून नळी काढून बघितली असती. आत गाळ दिसला असता. गाळलेल्या पाण्यात गाळ कुठून? हे माझ्या डोक्यात वीज चमकावी तसं आलं. बाकी कधी माझं डोकं इतकं जलद चालत नाही.

मी म्हटलं, "नको शेठ. गाडी पळाली की वारा लागतो. तासाभरात जळगाव."

त्यांनी माझं ऐकलं. एसी बनवणारा माणूस सांगतोय म्हटल्यावर ऐकणारच.

भोंगा काढून टाकावा तर तो मी चार बोल्टांनी पक्का केलेला, आणि पाना मागे पोत्यांखाली, धाकल्या शेठच्या डोळ्यांदेखत काढावा लागला असता. निघताना मी टपावरच्या डब्यात तो कपडा भिजवला आणि मांजींच्या कपाळावर ठेवायला गेलो. त्यांनी माझा हात धरला. हातात ताकद नव्हती, पण धरला. कपडा जवळ घेतला, उलगडला, दोन्ही बाजूंनी बघितला.

"शेतातली विहीर होती ना?"

"हो."

"कपडा कोरा आहे रे." असं अगदी हळू म्हणाल्या. साठ वर्षं रोज पाणी गाळणारी बाई. कपड्यावर काय राहतं ते तिला मी काय सांगणार?

मी नळीकडे बघू लागलो. 

त्यांनी कपडा परत माझ्या हातात दिला. कपाळावर ठेवू दिला नाही. तोंड सीटच्या पाठीकडे केलं, पदर ओढून घेतला. जळगावपर्यंत मी त्यांचा श्वास ऐकत आलो. कुत्र्यासारखा, लहान लहान. मी गाडी जितकी जोरात पळवायचो तितका भोंगा जास्त ओतायचा. हळू केली तर वाट लांबायची. असं ते होतं.

घरी उतरवल्या तेव्हा अंगाला हात लावता येत नव्हता. शेठ धावत आले. "मां, त्रास झाला का?"

मांजी म्हणाल्या, "पारोळ्यापर्यंत गाडी फार थंड होती."

आयुष्यात खोटं न बोललेली बाई, ती तेव्हाही खोटं बोलली नाही. पण घरच्यांनी फक्त 'फार थंड' ऐकलं. 'पारोळ्यापर्यंत' मला एकट्याला ऐकू आलं.

तिसऱ्या दिवशी मांजी गेल्या. मोठे डॉक्टर म्हणाले, वय, अशक्तपणा, ऊन. सगळ्यांनी मान हलवली. ऊन कुठून लागलं हे कोणी विचारलं नाही, कारण मांजी तर थंड गाडीतून आल्या होत्या.

बाराव्या-तेराव्या दिवशी शेठनी मला बाजूला घेतलं. डोळे लाल. "एकच विचारतो. वाटेत तू पाणी गाळून घातलंस ना? शेवटच्या प्रवासात तिच्या नावावर काही पाप लागायला नको."

मी म्हटलं, "हो शेठ."

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात किती जड असतो ते मला तेव्हा कळलं. वर म्हणाले, "भोंगा राहू दे गाडीला. मांजीची आठवण."

त्या संध्याकाळी मी नळी सोडवून घरी आणली आणि अंगणात पत्र्याच्या कात्रीनं उभी चिरली. आत काळा गाळ, वाळलेलं शेवाळ, काट्यांची टोकं, आणि त्या गाळात पांढरे पांढरे तुकडे, तांदळाच्या कण्यांएवढे. पाण्यातले किडे, सुकलेले. मी मोजायला लागलो आणि थांबलो.

बायको मागे उभी होती. तिला मी सगळं सांगितलं. मला वाटलं, सुयांचं काढेल, 'मी म्हणत होते' म्हणेल. ती फक्त म्हणाली, "मांजीले ठाऊक व्हतं?"

"हो."

"आन त्या काहीच बोलन्या नहीत?"

"नाही."

ती आत गेली आणि चुलीपाशी बसली. चूल पेटलेली नव्हती.

मी तो गाळ खरवडून त्या पितळी लोटीत घेतला. लोटी माझ्याकडेच राहिली होती, परत द्यायची हिंमत झाली नाही. चार दिवसांनी धुळ्याची खेप होती. पारोळ्याच्या अलीकडे गाडी थांबवली, लोटीला दोर बांधला आणि त्या विहिरीवर गेलो. मेलेल्या किड्यांना परत सोडून काय होणार, हे मला पण कळतं. पण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

दोर सोडला. पाणी लागेना. आणखी सोडला, हात काठाच्या आत घातला, पोटावर आडवा पडलो. लोटी तशीच अधांतरी फिरत राहिली.

मागून आवाज आला, "काय टाकी राहिना रे भाऊ मन्ही इहिरमा?"

शेतकरी होता, म्हातारा, खांद्यावर टॉवेल. त्याला वाटलं मी विष-बिष टाकतोय.

मी म्हटलं, "काही नाही नाना. तुमचंच आहे. परत करायला आलो."

त्यानं लोटीत डोकावून बघितलं. "गाळ? गाळ परत कराले आला?" तो इतका हसला की खोकला लागला. "येडा शे का तू? पानी तळले गये. तुना दोर काय पुरस! पानी पडू दे, पावसाळामा ये, मंग हातघाईच सोड, दोर नको."

मी पण हसलो. मला कोणी येडा म्हटलं की हसायची सवय आहे. लोटी वर ओढली आणि गाडीत ठेवली.

त्या वर्षी पाऊस आलाच नाही. साऱ्या खानदेशानं आभाळाकडे बघून वर्ष काढलं, आणि खरं सांगतो, त्यात एक मी होतो ज्याला थोडं बरं वाटत होतं, कारण मला जायला लागत नव्हतं.

पुढच्या वर्षी पाऊस आला, विहिरी भरल्या. पारोळ्यावरून माझी खेप आठवड्याला दोनदा व्हायची, भोंगा लावलेली तीच गाडी, कोरडा वाळा. ती विहीर रस्त्यावरून दिसते. मी त्या बाजूला बघायचो नाही.

लोटी अजून घरात आहे, फळीवर, वरून कपडा बांधलेला. तोच कपडा. अजून कोराच आहे.